लेअर कोंबड्यांचे मोल्टिंग: उपाशी न ठेवता कसे करावे आणि कधी करूच नये

लेअरची, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची, पहिली बॅच बहात्तर आठवड्यांच्या घरात आली की नव्या शेडमालकाला कुणी ना कुणी हमखास सांगतो, "दहा-बारा दिवस खाद्य बंद करा, पाणीही एक-दोन दिवस तोडा. पिसे झडतील आणि पक्षी पुन्हा जोमाने अंड्यावर येतील." सांगणारा बहुतेक वेळा अनुभवी असतो आणि त्याच्या शेडवर अंडी खरोखरच वाढलेली असतात. तरीही हा सल्ला मानू नका. त्यात पक्ष्याचे हाल आहेत, अंड्यातून रोग पसरण्याचा धोका आहे आणि तो आपल्याकडे कायद्याने गुन्हाही ठरतो. मोल्टिंग, म्हणजे पक्ष्याला पिसे गाळायला लावून पुन्हा अंड्यावर आणणे, खाद्य न तोडताही करता येते. शिवाय आजच्या लेअर जातींना अनेकदा त्याची गरजच पडत नाही. म्हणून आधी मोल्टिंग करायचे की नाही हे ठरवा, कसे करायचे ते नंतर पाहू.

शरीरात नेमके काय होते

परसातली गावठी कोंबडी अंड्यांचा एक हप्ता संपवते, खुडूक बसते, पिले काढते आणि दिवस लहान होऊ लागले की पिसे गाळते. या काळात ती अंडी देत नाही. तिचा अंडाशय आणि अंडनलिका आकसतात, खाणे कमी होते, अंगावरची चरबी वापरली जाते आणि नवी पिसे येतात. हे तिचे नैसर्गिक विश्रांतीचे दिवस असतात.

शेडमधल्या लेअरला मात्र रोज सोळा तास उजेड मिळतो, त्यामुळे हे दिवस तिच्या वाट्याला येतच नाहीत. दीड-पावणेदोन किलोची कोंबडी वर्षभरात तीनशेच्या वर, म्हणजे साधारण सतरा-अठरा किलो अंडी देते. प्रत्येक कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम जाते, आणि तिच्या अख्ख्या सांगाड्यात ते जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास असते. कवच बनवणाऱ्या ग्रंथीत हळूहळू चरबी साचते. अंड्याचा आकार वाढत जातो, पण कवचाला मिळणारे कॅल्शियम तेवढेच राहते. त्यामुळे पातळ कवच, तडकलेली अंडी आणि ट्रेमध्ये ओघळलेले बलक वाढू लागतात. मोल्टिंगने ही ग्रंथी पुन्हा मोकळी होते आणि कवच सुधारते. बाकी सगळे फायदे यातूनच येतात.

खाद्य तोडण्याची पद्धत का नको

अमेरिकेत एकेकाळी ही पद्धत सर्रास चालायची. दहा ते चौदा दिवस खाद्य पूर्ण बंद आणि उजेड आठ तासांवर. पक्ष्याचे पंचवीस ते तीस टक्के वजन उतरेपर्यंत हे चालू ठेवत. पहिल्या दिवसातच यकृतातली साखर संपते. मग चरबी आणि त्यापाठोपाठ स्नायू जळू लागतात. अशा शेडमध्ये पक्षी रिकाम्या गव्हाणीचा पत्रा टोचत राहतात, शेजारणीची पिसे उपटून गिळतात आणि चार-पाच दिवसांनी मान आखडून गप्प बसतात. हा गप्पपणा पाहून शेडमालकाला वाटते की पक्षी शांत झाले. खरे तर त्यांच्यात हालचालीचे त्राणच उरलेले नसते.

दुसरा धोका अंडी खाणाऱ्याला आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या जॉर्जियातील अथेन्स इथल्या प्रयोगशाळेत पीटर होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की उपाशी ठेवलेल्या कोंबडीला साल्मोनेला एंटेरिटिडिस हा अंड्यातून माणसाला आजारी पाडणारा जिवाणू फार कमी संख्येनेही बाधतो, आणि ती विष्ठेतून कितीतरी जास्त जंतू सोडते. गळ्याखालच्या अन्नपिशवीत खाद्य नसले की तिथले उपयोगी लॅक्टिक जिवाणू घटतात, आम्लता कमी होते आणि साल्मोनेलाला जागा मिळते. शेजारच्या पिंजऱ्यात तो झपाट्याने पोचतो. पोटात काहीतरी असले, अगदी नुसता कोंडा असला, तरी हा प्रकार बराच आटोक्यात राहतो हेही पुढच्या प्रयोगांत दिसले. २००० साली मॅकडोनाल्ड्सने उपाशी मोल्टिंग करणाऱ्यांकडून अंडी घेणार नाही असे जाहीर केले. २००६ पासून तिथल्या अंडी उत्पादकांच्या संघटनेने आपल्या प्रमाणपत्रासाठी खाद्य न तोडण्याची अट घातली.

आपल्याकडे प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. याच कलमाच्या आधारे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये उपाशी ठेवून मोल्टिंग करणे थांबवा असे कळवले. तेव्हा "सगळेच करतात" हे उत्तर तक्रार झाल्यावर कामाला येणार नाही.

खाद्यात झिंक ऑक्साइड भरपूर घालून पक्ष्याची भूक मारण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात गव्हाण भरलेली दिसते एवढेच, पक्षी उपाशीच राहतो. शिवाय तेच जस्त विष्ठेतून शेतात जाते. माझ्या मते तीही नकोच.

पहिली पायरी: हिशेब मांडा

एका पक्ष्यामागचा खाद्याचा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या रजिस्टरमधले घालून पुन्हा करा.

नवी तलंग, म्हणजे अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी, अंड्यावर येईपर्यंत साधारण ६ किलो खाद्य खाते. पुढे ७२ आठवड्यांपर्यंत रोज ११० ग्रॅम खाऊन सरासरी ८५ टक्क्यांनी (शंभर कोंबड्यांमागे रोज ८५ अंडी) ३१० च्या आसपास अंडी देते. म्हणजे अंड्यामागे सुमारे १३० ग्रॅम खाद्य, आणि वाढवतानाचे धरले तर १५० ग्रॅम.

मोल्टिंग केलेली कोंबडी आठ आठवडे जवळजवळ अंडी देत नाही. त्या काळात रोज सरासरी ८० ग्रॅम धरले तर साडेचार किलो खाद्य झाले. नंतर २८ आठवडे सरासरी ७० टक्के उत्पादन धरले तर १३७ अंडी मिळतात. रोजचे ११२ ग्रॅम खाद्य धरून अंड्यामागे १६० ग्रॅम, त्यात मोल्टिंगच्या काळातले मिळवले की १९० च्या पुढे.

खाद्याच्या बाबतीत मोल्टिंग महागच पडते. बचत होते ती पिलाची किंमत, लसी, वाढवण्याची मजुरी आणि चार-पाच महिने अडकणारी शेड यांत. पिलांचे दर चढलेले असतील, हव्या त्या तारखेला पिले मिळत नसतील किंवा कलचा, म्हणजे अंडी संपल्यावर विकायच्या कोंबडीचा, दर अगदी पडला असेल, तर मोल्टिंग जमते. मका-सोया महाग असताना बहुतेक वेळा जमत नाही.

तिसरा पर्याय नवे लोक विसरतात, आणि मला तोच सगळ्यात आधी तपासावासा वाटतो. आजच्या संकरित जाती दीर्घकाळ अंडी देण्यासाठीच निवडलेल्या आहेत. ७२ आठवड्यांना शेड ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर मोल्टिंग न करता ९० आठवड्यांपर्यंत न्या. सरासरी ७५ टक्के धरले तरी १२६ दिवसांत ९४ अंडी मिळतात, मधला रिकामा काळ नाही आणि अंड्यामागे १५० ग्रॅमच खाद्य. अडचण फक्त कवचाची येते. तिच्यासाठी कॅल्शियमचा निम्म्याहून अधिक भाग बारीक पावडरीऐवजी जाड ग्रिटमधून (शिंपल्याचे किंवा चुनखडीचे खडे) द्या, कारण कवच रात्री बनते आणि जाड ग्रिट पोटात सावकाश विरघळते. खाद्याचा मोठा वाटा दुपारनंतर टाका. डी-३ जीवनसत्त्वाची मात्रा पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. एवढे करूनही तडकलेली अंडी आवरत नसतील, तर मग मोल्टिंगचा विचार करा.

पन्नास-शंभर गावठी, गिरिराज किंवा वनराज पाळणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. त्या आपोआप पिसे गाळतात. तेव्हा त्यांना चांगले खायला घाला एवढेच.

दुसरी पायरी: तारीख

मोल्टिंग सुरू केल्यापासून शेड पुन्हा पन्नास टक्क्यांवर यायला सात-आठ आठवडे लागतात आणि शिखर गाठायला दहा-अकरा. श्रावणात अंड्याला उठाव नसतो, दर पडलेले असतात. हिवाळ्यात उत्तरेकडची मागणी वाढते आणि दर चढतात. म्हणून श्रावणाच्या सुरुवातीला मोल्टिंग आणि दिवाळीनंतर भर उत्पादन असा मेळ आपल्याकडे बसतो. अधिक महिना आला की श्रावण पुढे सरकतो, त्यामुळे इंग्रजी तारखेवरच मोजा.

विदर्भ-खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात मोल्टिंग करू नका. उष्णतेने आधीच खाणे तुटलेले असते, त्यात आणखी कपात पक्ष्याला झेपत नाही. उघड्या अंगाच्या पक्ष्याला पौष-माघातली थंडीही सोसत नाही. परिसरात मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लूची कुणकुण असेल तर बेत पुढे ढकला. मोल्टिंगच्या काळात प्रतिकारशक्ती उतरलेली असते.

तिसरी पायरी: पक्षी निवडा आणि तयार करा

सगळी शेड सरसकट घेऊ नका. सुकलेला फिकट तुरा, वर आलेले छातीचे हाड, लंगडणारा पाय, कोंडलेला श्वास असे पक्षी आधीच बाजूला काढा. गुदद्वाराखालच्या दोन हाडांमध्ये बोटे घालून पाहा. दोन-तीन बोटे सहज बसली तर पक्षी अंड्यावर आहे, एकच बसले तर तिने अंडी देणे कधीच थांबवले आहे. बाकीच्या पक्ष्यांच्या सरासरीपेक्षा बरेच हलके असलेले वेगळ्या ओळीत ठेवा आणि त्यांना नेहमीचे खाद्य चालू ठेवा. त्यांच्याकडे उतरवायला वजनच नसते.

दोन-तीन आठवडे आधी जंतनाशक द्या, उवा-गोचिडांचा बंदोबस्त करा आणि मानमोडीच्या लसीचा डोस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उरका. मोल्टिंग चालू असताना लस टोचणे म्हणजे त्याच शरीरावर दुसरा ताण. पाणी पिण्याच्या निपलच्या पाइपा धुऊन घ्या आणि प्रत्येक निपल दाबून पाहा. पुढचा महिनाभर पाणी एक तासही बंद पडता कामा नये.

चौथी पायरी: उजेड

पर्यावरण-नियंत्रित शेडमध्ये उजेड आठ तासांवर आणता येतो. आपल्या उघड्या शेडमध्ये ते शक्य नसते. पुण्याकडे जूनअखेर दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळचे बल्ब बंद केले तर सोळा तासांवरून पावणेतेरा तासांवर येता येते. एवढी घट पुरते, कारण पुढे दिवस रोज थोडा थोडा लहानच होत जातो. बल्ब एका दिवसात बंद करा. बाहेर रस्त्याचा किंवा घराचा दिवा शेडमध्ये पडत असेल तर त्या बाजूला ताडपत्री लावा, नाहीतर कडेच्या ओळी अंडी देतच राहतात.

पाचवी पायरी: खाद्य बदला, तोडू नका

तत्त्व सोपे आहे. गव्हाण भरलेली ठेवायची, पण त्यातली ऊर्जा, प्रथिने आणि कॅल्शियम अंडे बनवायला पुरणार नाही इतके कमी करायचे. इलिनॉय विद्यापीठात २००० नंतरच्या काही वर्षांत झालेल्या प्रयोगांत गव्हाचा बारीक कोंडा ७१ टक्के, मका २३ टक्के आणि उरलेल्यात क्षार-जीवनसत्त्वे असे खाद्य २८ दिवस पोटभर दिले गेले. पक्ष्यांची अंडी थांबली आणि पुढचे उत्पादन उपाशी ठेवलेल्या पक्ष्यांच्या तोडीचे आले. नवख्याला हा नमुना धरून आपल्या भागातल्या मालावर मिश्रण बसवता येईल. ते पशुआहार तज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्या.

कोंडा आट्याच्या मिलमधला बारीक आणि ताजा घ्या. पावसाळ्यात पोत्याच्या मध्यात हात घालून पाहिल्याशिवाय माल उतरवू नका. आत ऊब किंवा कुबट वास लागला तर ते पोते परत पाठवा. बुरशीचे विष यकृतावर जाते, आणि या महिन्यात अंगातली चरबी वापरण्याचा भार यकृतावरच असतो.

मीठ पूर्ण काढू नका. सोडियम तुटले की पक्षी एकमेकांना टोचू लागतात आणि मोल्टिंगमध्ये उघडी कातडी समोरच असते. कॅल्शियमही पहिल्याच दिवशी शून्यावर आणू नका. पहिले चार-पाच दिवस बरेच पक्षी अंडी देत असतात. कवचासाठी ते हाडातून कॅल्शियम काढतात आणि पाय लुळे पडून बसतात. तेवढे दिवस गव्हाणीत थोडी ग्रिट टाका.

कोंडा हलका असल्याने गव्हाण लवकर रिकामी झाल्यासारखी दिसते. दिवसातून दोन-तीनदा खाद्य हलवा आणि वरून टाका.

सहावी पायरी: वजन, दर आठवड्याला

मोल्टिंग यशस्वी की फसले हे काट्यावर कळते. शेडच्या वेगवेगळ्या ओळींतले, वरच्या आणि खालच्या पिंजऱ्यांतले मिळून शंभर पक्षी निवडा, त्या पिंजऱ्यांना रंगीत सुतळी बांधा आणि दर वेळी तेच पक्षी मोजा. वेळ सकाळची, खाद्य टाकण्याआधीची. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. पक्ष्याला एका पायाने लोंबकळत ठेवू नका. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचला आणि काट्यावर ठेवलेल्या खोल बादलीत बसवा.

समजा सुरुवातीचे सरासरी वजन १६०० ग्रॅम होते. १३०० पर्यंत आले की १९ टक्के उतरले. १२०० म्हणजे २५ टक्के. कोंड्याच्या पद्धतीत बहुधा १५ ते २० टक्क्यांच्या आसपासच वजन उतरते आणि ते चालते. सरासरी २५ टक्क्यांवर आली की २८ दिवस पूर्ण होण्याची वाट पाहू नका, खाद्य वाढवा. एखादा पक्षी एकटाच ३० टक्क्यांकडे चालला असेल तर त्याला त्याच दिवशी बाजूला काढून नेहमीचे खाद्य द्या. रोजची मरतूक नेहमीच्या दुप्पट झाली तर मोल्टिंग तिथेच थांबवा आणि मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करून घ्या. मोल्टिंगमध्ये पक्षी मरणारच असे म्हणून ते खड्ड्यात टाकू नका.

वजनाबरोबर पंखही पाहा. एक पंख अलगद उघडला की मधोमध एक आखूड पीस दिसते, त्याच्या बाहेरच्या बाजूला मोठी दहा पिसे असतात. ती आखूड पिसाकडून बाहेरच्या टोकाकडे ओळीने गळतात. गळालेल्या जागी आधी निळसर, रक्ताने भरलेली मऊ नळी दिसते आणि तिच्या टोकातून नवे पीस उलगडते. ही नळी दुखरी असते, म्हणून पंख ओढू नका. दहापैकी किती नवी आली हे शंभरातल्या वीस पक्ष्यांवर लिहून ठेवले तर शेड एकसारखी चालली आहे की नाही ते चटकन कळते. मानेची पिसे आधी जातात. त्यामुळे पंधरवड्यानंतर शेड फार केविलवाणी दिसते, पण वजने ठीक असतील तर घाबरू नका.

अंडी साधारण एक ते दोन आठवड्यांत थांबतात. काही पक्षी तुरळक देत राहतील. म्हणून कुणी खाद्य तोडायचा सल्ला देईल, तेव्हा मन घट्ट ठेवा.

सातवी पायरी: परत अंड्यावर आणणे

वजन ठरल्याप्रमाणे उतरले किंवा २८ दिवस झाले की तलंगांना देतो तसे, १६-१७ टक्के प्रथिनांचे आणि सुमारे २ टक्के कॅल्शियमचे खाद्य सुरू करा. त्यात मेथिओनीन पुरेसे हवे, कारण पीस बनते ते गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून. इथे पैसे वाचवायला गेलात तर पिसे विरळ येतात आणि पुढचे सहा महिने पक्षी अंग गरम ठेवायला जास्त खातो.

आठवडाभराने उजेड वाढवायला लागा. आधी तेरा-चौदा तास, मग दर आठवड्याला अर्धा तास, सोळापर्यंत. शेडमध्ये पाच टक्के अंडी दिसली की लेअर खाद्य आणि जाड ग्रिट. वजन या टप्प्यात मूळच्या जवळ यायला हवे. ते न आलेल्या पक्ष्यांना उजेडाने रेटू नका.

हाती काय येते

पहिल्या फेरीत ९० टक्क्यांच्या वर गेलेली शेड दुसऱ्या फेरीत ८० ते ८५ टक्क्यांचे शिखर गाठते, आणि उतरणही आधीपेक्षा लवकर सुरू होते. २५ ते ३० आठवडे नफ्याचे मिळतात. अंडी सुरुवातीपासून मोठी येतात, पांढरा भाग घट्ट असतो, कवच सुधारते आणि तडकलेल्या अंड्यांचे ट्रे कमी होतात. कवचातली ही सुधारणा तीन-चार महिन्यांत ओसरू लागते, म्हणून दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धात ग्रिटकडे अधिक लक्ष द्या. हाडे मात्र पुन्हा तलंगेसारखी होत नाहीत. विक्रीच्या वेळी पक्षी पिंजऱ्यातून काढताना पाय आणि पंख मोडण्याचे प्रमाण अशा शेडमध्ये जास्त असते. तेव्हा पकडणाऱ्या माणसांना घाई करू देऊ नका, आणि एका हातात दोन-तीनपेक्षा जास्त पक्षी धरू देऊ नका.

रजिस्टरमध्ये मोल्टिंगचे वेगळे पान ठेवा. त्यात दर आठवड्याचे वजन, रोजची मरतूक, खाल्लेले खाद्य, पहिले अंडे आणि पन्नास टक्क्यांची तारीख टिपा, आणि त्या दिवसांतले दर व तडकलेली अंडीही. पुढच्या बॅचला पहिल्या पायरीचा हिशेब करताना माझे आकडे बाजूला ठेवा आणि या पानावरचे घ्या. त्याच पक्ष्यांचे दुसऱ्यांदा मोल्टिंग करण्याच्या फंदात पडू नका. दुसरी फेरी ६० टक्क्यांच्या खाली आली की पक्षी विका, शेड धुऊन चुना मारा आणि नव्या पिलांपूर्वी ती दोन-तीन आठवडे मोकळी राहू द्या.